गुलाबी कळ

मित्रांनो, मी एक जुना कळफलक आहे. सगळे मला कीबोर्ड म्हणतात, तुम्हीही म्हणा, माझी ना नाही. फक्त 'बिचारा' म्हणू नका. अशी आत्मकथा सांगणारे माझे जातभाई, म्हणजे फाटक्या छत्र्या, गंजक्या सायकली आणि मोडक्या खुर्च्या, शेवटी तुमच्यापुढे हात जोडतात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्या अंगात शंभराच्या आसपास कळा आहेत. एवढ्या कळा घेऊन मी आजवर एकदाही कण्हलेलो नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तळाला लोखंडी पत्रा, त्यावर स्प्रिंगांच्या रांगा आणि प्रत्येक स्प्रिंगवर एक कळ. कळा बसवायला लांबलचक टेबलाशी बायका बसलेल्या असत आणि त्यांचे हात जेवढे चालत तेवढीच तोंडेही चालत. माझ्या अर्ध्या कळा कुणाच्या तरी सुनेच्या तक्रारी ऐकत बसल्या, उरलेल्या अर्ध्या कुणाच्या तरी भाच्याच्या नोकरीच्या काळजीत. शेवटी तपासणीस आला. त्याने मला उलटे धरून झटकले, मुठीने ठोकले आणि हातात तोलून म्हणाला, "हा चोराच्या डोक्यात घातला तरी चोरच फुटेल." ती माझी पहिली शाबासकी. तिच्यावर मी पुढची कित्येक वर्षे काढली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. मी टेबलावर कायम उताणा पडलेला असतो. संगणकाचा पडदा माझ्या डोक्याशी उभा असतो, त्यामुळे तो मला कधीच दिसत नाही. मला दिसते छत, आणि माझ्यावर वाकलेल्या माणसाची हनुवटी. माणूस हसला तर दात दिसतात. आजूबाजूची खोली मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आणि कानांनी टिपतो, आणि बाकी सगळे मला बोटांवरून कळते. बोटे घाबरली, चिडली, कंटाळली की ते मला चेहऱ्याआधी समजते.

मी पहिल्यांदा कामाला लागलो एका माल वाहतुकीच्या कचेरीत. तिथल्या टंकलेखिका बाई माझ्यावर पत्रे बडवायच्या. हो, बडवायच्याच. माझा खटखटाट तीन टेबलांपलीकडे ऐकू जायचा आणि त्यावरून साहेबांना कळायचे की काम चालू आहे. बाई म्हणायच्या, "हात बसावा तर याच्यावरच. बाकीचे सगळे चिखलात बोटं घातल्यासारखे लागतात." मला त्यांच्या हनुवटीवरचा तीळ अजून आठवतो.

त्याच कचेरीत एक खेळ माझ्या नशिबी आला. तेव्हा तो खेळ अगदी नवा होता. त्यात खेळणारा स्वतः दिसत नाही, दिसते फक्त त्याच्या हातातली बंदूक. समोर बोळ, दारे, वळणे आणि कोपऱ्यामागे दबा धरून बसलेली भुतावळ. सगळ्यांना उडवत, रंगीत किल्ल्या शोधत, दारे उघडत लिफ्टपर्यंत पोचायचे, की पुढचा मजला. हे मला कसे कळले म्हणाल तर साहेबांच्या तोंडून. जेवणाच्या सुट्टीत बाई उठल्या की साहेब हळूच यायचे आणि खेळता खेळता स्वतःशी पुटपुटायचे. त्यांचा एक डोळा पडद्यावर असायचा आणि एक दारावर. असा चोरून खेळणारा माणूस किती पुढे जाणार? साहेब दुसऱ्या मजल्यावरच मरायचे, आणि मेले की टाय नीट करून आपल्या खोलीत जायचे.

मग नवे कीबोर्ड आले. चपटे, हलके आणि मुके. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरे काय! मला माझ्या संगणकासकट सामानाच्या खोलीत नेले आणि एका कपाटावर आडवे टाकले. मित्रांनो, आमच्या आत्मकथांमध्ये ही रडायची जागा असते. मी रडलो नाही. मला राग आला. माझी एकही कळ अडकत नव्हती, एकही अक्षर पुसलेले नव्हते. मी बाद झालो तो केवळ आवाज करतो म्हणून. काम करणाऱ्याचा आवाज होणारच. मुकाट्याने काम करणाराच चांगला, हे कुणी ठरवले?

तिथून मला सोडवले ते धाकट्याने. धाकटा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. या बहीणभावाचे कवळ्या बनवण्याचे दुकान आहे. धाकट्याला बिले छापायला स्वस्तातला संगणक हवा होता, म्हणून तो आम्हाला स्कूटरवर बांधून घेऊन आला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे फोन आणि गल्ला, तिथे धाकटा. मागे शेगडी, पाण्याचे पातेले, पॉलिशचे चाक आणि सगळ्यावर पांढरी धूळ, तिथे ताई. माझे टेबल ताईच्या बाजूला लागले, कारण पुढे धाकट्याच्या वेळापत्रकाचा मोठा फळा होता आणि त्याला हलवायची कुणाची छाती नव्हती.

कवळी कशी बनते ते थोडक्यात सांगतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या हिरड्यांचे माप, म्हणजे मऊ लगद्यावर उठवलेला ठसा, पाठवतात. ताई त्या मापात प्लास्टर ओतते. प्लास्टर घट्ट झाले की त्यावर मेणाच्या हिरड्या करून त्यात एकेक दात बसवते. मग ते लोखंडी डबीत बंद करून मेण वितळवून काढते, त्या जागी गुलाबी लगदा भरते आणि डबी गरम पाण्यात शिजवते. शेवटी घासून चकाकी देते. यात सगळ्यात हट्टी प्लास्टर. ओतले की ते आधी गार असते. मग आपोआप तापते, हाताला चांगले जाणवेल इतके. मग सावकाश निवते. निवेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. घाई केली की प्लास्टरचा जबडा तुटतो आणि सगळे पहिल्यापासून.

ताईचे स्वतःचे दिवस मात्र कधी निवत नसत. घरी सासूबाईंची औषधे, लेकीची शाळा, नवरा सदा फिरतीवर. दुकानात आली की फोन सुरू. डॉक्टर विचारणार, झालं का? धाकटा विचारणार, झालं का? सासूबाई फोन करून विचारणार, घरी यायचं झालं का? दिवसभर ताईच्या बोटांत दुसऱ्यांचे दात.

एकदा प्लास्टर ओतून ती माझ्यासमोर एक बिल शोधायला बसली आणि चुकून तो जुना खेळ सुरू झाला. कचेरीतल्या कुणी तो पुसलाच नव्हता. तिने दोन पावले टाकली, कोपऱ्यावर वळली आणि ओरडली, "मेले!"

धाकटा पुढून धावत आला. "काय झालं?"

"काही नाही. मेले."

"बरं," म्हणाला आणि परत फोनवर जाऊन बसला.

त्या दिवशी ती बिल शोधायचे विसरली. पुन्हा पहिल्यापासून खेळली, पुन्हा मेली. तिसऱ्यांदा तिने दात-ओठ खाऊन बंदूक चालवली आणि माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या कळेने तो दणका सोसला. बंदूक त्या कळेने चालते. लांब कळेने दारे उघडतात आणि बाणांच्या कळांनी चालायचे. त्या बोटांत साहेबांची चोरटी घाई नव्हती. हे बोट दाबायचे ते ठाम. मला टंकलेखिका बाईंनंतर पहिल्यांदा वाटले की कुणीतरी माझ्यावर खरेच काहीतरी करते आहे.

या खेळात मजल्याच्या मध्येच उठले की तो मजला परत पहिल्यापासून. म्हणून ताईने आपली रीत बसवली. खेळ फक्त प्लास्टर निवेपर्यंत. एका जबड्याचे छोटे माप असले तर छोटा मजला, पूर्ण बत्तिशी असली तर लांबलचक मजला. मधून हाताची पालथी बाजू प्लास्टरला लावून बघायची. ऊब आहे तोवर खेळायचे. गार लागले की लिफ्ट समोर असली तरी उठायचे. मी माझ्या कानांनी ऐकले आहे, 'लिफ्ट आली' म्हणणारी बाई 'निवलं' म्हणून उठून गेली. अशी शिस्त मी कचेरीतल्या एकाही साहेबात पाहिली नाही.

तिची लेक एकदा शाळेतून परस्पर दुकानात आली. तिला नवे, चकचकीत खेळ माहीत. ती आईच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "आई, हे राक्षस आहेत का विटा?"

"विटा असतील. पण चावतात," ताई म्हणाली. "बाजूला हो, मागून एक वीट येतेय."

असे करत करत ताईने मजल्यामागून मजले काढले. हा तिचाच शब्द. 'आज एक मजला काढला' असे ती म्हणायची आणि तोंडावर पाण्याचा हबका मारून परत दात बसवायला बसायची. तिचे काम केसभरही बिघडले नाही. उलट फोनवर तिचा आवाज बदलला. आधी ती 'करते हो, करते' म्हणायची. आता म्हणू लागली, "प्लास्टर निवलं की मिळेल."

धाकट्याला हे टोचू लागले. माणूस वाईट नाही तो, पण त्याला रिकामा चौकोन बघवत नाही. फळ्यावर ताईच्या नावापुढे त्याने प्रत्येक कामाचा चौकोन आखला होता, आणि प्लास्टर वाळायच्या चौकोनात काही लिहिलेले नव्हते. एके सकाळी तिथे 'पॉलिश' असे दिसू लागले.

"ताई, तेवढ्या वेळात दुसऱ्या दोन कवळ्या घासून होतील," तो म्हणाला.

"तो वेळ माझा आहे."

"दुकानाचा आहे."

"दुकानाचाही नाही. प्लास्टरचा आहे. प्लास्टरनं तो मला दिलाय."

"अगं, असं दात कोरून पोट भरत नाही!"

"आपलं भरतं की. आपलं पोट दातांवरच आहे."

ताईने ओल्या फडक्याने 'पॉलिश' पुसले आणि त्या जागी ठसठशीत अक्षरांत 'प्लास्टर' लिहिले. दुसऱ्या दिवशी परत 'पॉलिश' होते, दुपारी परत 'प्लास्टर'. आठवडाभर तो फळा नुसता भिजत राहिला.

तोवर ताई शेवटच्या मजल्यावर पोचली होती. तो मजला सगळ्यांत लांब. त्याच्या टोकाला एक अगडबंब राक्षस बसलेला असतो आणि त्याला उडवले की खेळ संपतो. त्याच्यासाठी पूर्ण बत्तिशीचे प्लास्टर लागायचे, तेही जाड ओतलेले. एकदा तसे काम आले. ताई राक्षसापर्यंत पोचली. तिचे बोट कोपऱ्यातल्या कळेवर असे बसले की सोडायलाच तयार नव्हते. आणि माझ्या अंगातून एक 'कट' असा आवाज आला. इतक्या वर्षांची ती कळ मधोमध चिरली, खालची दांडी मोडली आणि तुकडे टेबलाखाली गेले. ताई मेली. या वेळी ती ओरडली नाही. तिने टेबलाखाली वाकून तुकडे गोळा केले आणि तळहातावर घेऊन नुसती बघत बसली.

मला लाज वाटली का? मुळीच नाही. लढाईत पडलेला दात होता तो.

धाकट्याचा चेहरा मात्र उजळला. "चला, सुंठीवाचून खोकला गेला. ताई, असल्या कळा आता कुठं मिळत नाहीत, मी विचारलंय. नवा संगणक घेऊ. कीबोर्ड आवाज न करणारा. हा डबा भंगारवाल्याला देऊन टाकतो, तो शनिवारी यायचाय."

"त्या नव्यावर हा खेळ चालेल?"

"नाही चालणार बहुतेक," धाकटा म्हणाला, आणि मला दिसले की त्याची हनुवटी हसू दाबते आहे.

तर मित्रांनो, अशी वेळ आली. शेवटचा मजला समोर, शनिवार तोंडावर, आणि कळ नाही. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ते हेच. शनिवारी मी गेलो की ताईचा खेळही गेला, आणि खेळ गेला की त्या फळ्यावरचा चौकोनही गेला. मग तिथे 'पॉलिश' लिहिले जाणार होते आणि ते पुसायला कुणी उठणार नव्हते. माझ्यासाठी आला नसता एवढा राग मला त्या चौकोनासाठी आला.

लेकीने सुचवले, "आई, दुसरी एखादी कळ उपटून तिथं लाव ना. कुठली तरी न लागणारी."

ताईने तिच्याकडे रोखून पाहिले. "एकाचा दात उपटून दुसऱ्याला लावायचा? मग मी कशाला बसलेय इथं?"

आणि तिने माझे माप घेतले! तुटक्या कळेच्या शेजारची, तेवढ्याच आकाराची एक कळ तिने अलगद काढली, मापाच्या लगद्यात दाबली आणि धुऊनपुसून परत जागेवर बसवली. पुढचे सगळे तिने माणसाच्या तोंडासाठी करते तसेच केले. प्लास्टर, मेण, डबी, गुलाबी लगदा. डबीत एका आजोबांची वरची कवळी शिजायची होती, तिच्या शेजारी कोपऱ्यात माझी कळ. मग चाकावर घासून चकाकी. कळ तयार झाली तेव्हा ती हिरडीच्या रंगाची, गुळगुळीत आणि इतकी देखणी होती की ताईने ती उजेडात धरून दोनदा फिरवून बघितली. तेवढ्यात घरून फोन आला, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. ताईने कळ आजोबांच्या कवळीशेजारी ट्रेमध्ये ठेवली आणि निघाली.

फळ्यावर त्या दुपारी लिहिले होते, 'पार्सल'. धाकटा आला. ट्रेमध्ये एक कवळी आणि एक छोटा गुलाबी तुकडा. दोन्ही एकाच रंगाचे, एकाच चकाकीचे. वेळापत्रकावर चालणारा माणूस विचारत बसत नाही. त्याने दोन्ही कापसात गुंडाळले, डबीत भरले आणि स्कूटरला किक मारली. मी टेबलावर पडल्या पडल्या माझी कळ जाताना बघत होतो. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ताई आली आणि तिने ट्रे पालथा घातला, टेबल झाडले, पॉलिशच्या चाकाखाली हात घातला. "माझी कळ कुठाय?"

"कसली कळ?" धाकटा म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा फोनवर एकदम गोड आवाजात बोलू लागला. "हो डॉक्टर... तुकडा? हो हो, आमचाच... कुठं बसवायचा? मागच्या बाजूला असेल बघा. टाळूच्या... हो, हो, बसेल. जरा दाबून बघा."

ताई जागच्या जागी थांबली. "काय दाबून बघा?"

धाकट्याने फोन ठेवला. ताईने त्याला विचारले आणि त्याने सांगितले. ताईने फोनकडे हात नेला. पण डॉक्टरांचा फोन कुणी उचलेना.

दुपारी डॉक्टर स्वतःच दुकानात आले. एका हातात त्यांची पिशवी आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत माझी कळ. हनुवटी रागाने लाल झाली होती. "हा कुठल्या जनावराचा दात आहे?" त्यांनी विचारले. "आजोबांना खुर्चीत बसवून मी हा तुकडा वर लावून बघतोय, खाली लावून बघतोय, टाळूला लावून बघतोय. शेवटी आजोबाच म्हणाले, डॉक्टर, माझ्या तोंडात एवढी जागा आली कुठून? बाहेर चार पेशंट हसत होते!"

धाकटा घामाघूम झाला. त्यांच्या दुकानाला सगळ्यात जास्त काम याच डॉक्टरांकडून यायचे. "चूक झाली डॉक्टर, मोठी चूक झाली. ताईला जरा खेळायचा नाद आहे. त्याच्यामुळे हे सगळं झालं. हा डबा उद्याच भंगारात जाईल. परत इथं कुणी खेळणार नाही, माझा शब्द."

"तुझा शब्द तुझ्याजवळ ठेव," ताई म्हणाली. ती पुढे आली. तिचे हात प्लास्टरने पांढरे होते. "डॉक्टर, कवळी कशी बसली?"

"कवळी? कवळी छान बसली. कवळीबद्दल माझी काही तक्रार नाही."

"मग ऐका. तो तुकडा माझा आहे. मी तो ट्रेमध्ये ठेवून गेले, ती चूक माझी. तुम्हाला आणि आजोबांना त्रास झाला, त्याची माफी मागते. परत होणार नाही." मग ती धाकट्याकडे वळली. "पण मी खेळते ही चूक नाही. त्याची माफी मी मागणार नाही आणि माझ्या वतीनं कुणी मागायचीही नाही. दिवसभर मी लोकांची तोंडं घडवते. प्लास्टर वाळतं तेवढा वेळ मला दुसऱ्या कुणाच्या तोंडात बघायचं नसतं. तेवढा वेळ मी बंदूक घेऊन फिरते. ज्याला चालत नसेल त्यानं स्वतः येऊन प्लास्टर वाळवावं."

डॉक्टरांनी चिमटीतल्या कळेकडे पाहिले. उलटी करून तिची दांडी पाहिली. "म्हणजे ही... त्या कीबोर्डची आहे? कवळीच्या मटेरियलची?"

ताईने हात पुढे केला. डॉक्टरांनी कळ तिच्या तळहातावर ठेवली. ती माझ्याजवळ आली, कोपऱ्यातल्या रिकाम्या खाचेवर कळ टेकवली आणि अंगठ्याने दाबली. टक! मित्रांनो, तो आवाज मी तुम्हाला कसा सांगू? अंगात कुठे काही टोचले नाही, डगमगले नाही. जणू ती कळ जन्मापासून माझीच होती. मला आनंद झाला आणि मी तो लपवणार नाही.

डॉक्टर अजून रागावलेलेच होते. पिशवीत पुढच्या कामाचे माप होते आणि त्यांचा हात पिशवीच्या बंदावर अडून राहिला होता. धाकटा त्या हाताकडे बघत होता. ताईने त्याच्याकडे बघितलेही नाही, ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. अखेर डॉक्टरांनी माप काढून टेबलावर ठेवले. "माझ्या पार्सलात माझंच सामान पाहिजे," ते म्हणाले. "आणि वेळेत पाहिजे."

"प्लास्टरच्या वेळेत मिळेल," ताई म्हणाली.

डॉक्टर गेले. हसले नाहीत, निरोपही घेतला नाही. पण माप टेबलावर होते. पूर्ण बत्तिशीचे.

ताजे माप थांबत नाही, त्यात लगेच ओतावे लागते. ताईने प्लास्टर कालवले, जाडसर ओतले, बुडबुडे काढायला माप टेबलावर टकटक आपटले. हात धुतले. धाकटा फळ्यापाशी उभा होता. "ताई," तो म्हणाला, "निदान आज तरी..."

"आज प्लास्टर आहे," ती म्हणाली आणि माझ्यासमोर बसली.

आता पुढचे मी बोटांवरून सांगतो. पहिल्या बोळात ती सावध होती, गुलाबी कळेवर बोट हलकेच टेकवत होती, नव्या दाताने घास चावून बघावा तसे. कळ टिकली. मग बोटांना विश्वास आला. डावीकडे, उजवीकडे, दार, दार, मागे, बंदूक. माझा खटखटाट सगळ्या दुकानात घुमू लागला. मध्येच डावा हात माझ्यावरून उठला आणि प्लास्टरला लागून आला. ऊब होती. धाकटा कधी तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला ते मला कळले नाही. एकदम मला एकाऐवजी दोन हनुवट्या दिसू लागल्या.

मग राक्षस आला. ताईच्या बोटाने कोपऱ्यातली कळ दाबली आणि सोडलीच नाही. जुनी कळ इथेच गेली होती. माझ्या पोटातली स्प्रिंग तळाला टेकली. मी मनात म्हणालो, या बाईने बसवलेल्या दातांनी लोक दाणे फोडतात, ही कळ तुटायची नाही. तरी मी भ्यालो होतो. बाणांच्या कळा वेड्यासारख्या नाचत होत्या, आणि वर धाकटा श्वास रोखून उभा होता.

"डावीकडे!" तो एकदम ओरडला.

"दिसतोय मला," ताई म्हणाली.

आणि मग सगळी बोटे एकदम माझ्यावरून उठली. ती उठली तेव्हा मला कळले. ताईची हनुवटी वर गेली आणि पहिल्यांदाच तिचे सगळे दात दिसले. तिचे स्वतःचे. ते तिने कुणासाठी घडवलेले नव्हते.

मग धाकट्याने घसा खाकरला. "संपला ना खेळ?" तो जरा नरमाईने म्हणाला. "शेवटपर्यंत झाला. मग आता या डब्याचं काम नाही. उद्या भंगारवाला..."

ताईने प्लास्टरला हात लावला. "बघ," ती म्हणाली. धाकट्यानेही हात लावला. प्लास्टर अजून चांगले गरम होते.

ताई परत माझ्याकडे वळली. पहिला मजला सुरू केला, आणि या वेळी सगळ्यात अवघड पातळी निवडली. तिथे राक्षस दुप्पट असतात. पहिल्याच वळणावर ती मेली आणि मोठ्याने हसली. मग परत सुरू केले. शनिवारी भंगारवाला आला तेव्हा ती खेळत होती. धाकट्याने त्याला दारातूनच परत पाठवले. फळ्यावर आता त्या चौकोनात 'प्लास्टर' लिहिलेले असते, आणि ते त्याच्याच अक्षरात असते.

मित्रांनो, आता तुम्ही वाट बघत असाल की मी काहीतरी मागेन. ठीक आहे, मागतो. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी जुने असेल, तर त्याला पुसून कपाटात ठेवू नका. ते उपकार आम्हाला नकोत. आम्हाला बडवा, दामटा, थकवा. मोडलो तर 'जुनंच झालं होतं' म्हणून हात झटकू नका, आधी दुरुस्त करून बघा. आणि तुमच्या घरात दिवसभर सगळ्यांसाठी राबणारे जे कुणी आहे, ते घटकाभर खेळायला बसले असेल, तर त्याच्या मागे उभे राहून कामे सांगू नका. उभे राहायचेच असेल तर राक्षस कुठून येतोय ते सांगा. जा आता. ताईने प्लास्टर ओतले आहे आणि मला काम आहे.